भुऱ्याची साखर, आईची साखर

खरड छाटणीनंतरची काडी चांगली चाललीय, सबकेन झालं, बागेत सध्या नवीन सांगण्यासारखं फार नाही. म्हणून आज द्राक्षाचं नाही, मांजराचं लिहितोय. हसणारे हसतील, हसू द्या. गेले सात महिने आमच्या घरी एका बोक्याला इन्सुलिन चाललंय. मापाचं आणि डोसाचं जे आपण बागेत रोज करतो तेच हे काम आहे, फक्त इथं चूक झाली तर पान करपत नाही, जीव जातो.

भुऱ्या आमच्या गोदामाचा राखणदार. वय अकरा. नसबंदी झालेली, त्यामुळं गावभर हिंडणं बंद आणि खाणं चालू. वजन सहा किलो चारशे. खोकी आणि कागद ठेवतो त्या शेडमध्ये त्याच्या भीतीनं उंदीर नसायचा. गेल्या दिवाळीच्या सुमारास तो हौदावर सारखा पाणी पिताना दिसायला लागला. मांजर पाणी पिताना एरवी दिसतं का कधी? खाणं दुप्पट, तरी पाठीचा कणा हाताला लागायला लागला. मग मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागला, सशासारखा. घरात कुणी म्हणे पत्र्यावरून पडला असेल, कुणी म्हणे कुत्र्यानं धरला असेल.

ओळखलं ते आईनं. शेडमागं राखेच्या ढिगात तो लघवीला जायचा, तिथं मुंग्यांची रांग लागली होती. आई स्वतः चौदा वर्षांपासून साखरेची पेशंट. म्हणाली, "अरे, याची साखर बघून आण. माझ्यावर गेलाय हा." लघवीला मुंग्या लागतात ही खूण सुश्रुताच्या काळापासून आपल्याकडं माहीत आहे, मधुमेह हे नावच त्यावरून. आमच्या घरात ती खूण पुस्तकाशिवाय कामाला आली.

दवाखान्यात पहिला आकडा आला 412. मी म्हणलं, आता द्या इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, थांबा. मांजर घाबरलं की त्याची साखर नुसत्या भीतीनं चढते. दोनशे, तीनशे, कधी त्याच्याही वर. पिशवीत घालून मोटरसायकलवर वीस किलोमीटर आणलेल्या मांजराच्या एका आकड्यावर निदान होत नाही. त्यांनी लघवीत साखर तपासली आणि रक्त फ्रुक्टोसामाइनसाठी नाशिकला पाठवलं. ही तपासणी मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी साखर सांगते, त्या क्षणाची भीती त्यात येत नाही. आपण एका मण्याचा ब्रिक्स बघून तोड काढत नाही, वरचा, मधला, खालचा मणी घेतो, तसंच. चार दिवसांनी रिपोर्ट आला आणि मगच मधुमेह नक्की झाला. मागच्या वर्षी खाजेसाठी त्याला स्टेरॉईडची इंजेक्शनं झाली होती. जास्त वजन, वाढलेलं वय, नसबंदी झालेला नर आणि स्टेरॉईड, ही सगळी या आजाराची ठरलेली कारणं आहेत म्हणे. आमच्या भुऱ्याकडं सगळीच.

दूधवाल्या मंडळींना हा आजार पटकन समजेल असं एक सांगतो. गाय विल्यावर किटोसिस होतो. दूध जास्त, खाणं कमी, रक्तातली साखर घसरते, मग शरीर चरबी जाळायला लागतं, तोंडाला गोडसर वास येतो, डॉक्टर शिरेतून ग्लुकोज देतात. मधुमेही मांजराला इन्सुलिन मिळालं नाही तर तोही शेवटी चरबी जाळून किटोनवरच येतो, पण उलट्या वाटेनं. रक्तात साखर तुडुंब आणि पेशी उपाशी. कालवा भरून वाहतोय, पण चारीचं दार बंद आहे, अशी गत. साखर साधारण अडीचशेच्या पुढं गेली की मांजराच्या मूत्रपिंडाला ती अडवता येत नाही. ती लघवीतून जाते, सोबत पाणी ओढून नेते. म्हणून हौद आणि म्हणून मुंग्या.

अजून एक गंमत, गायवाल्यांसाठीच. मांजराचं इन्सुलिन माणसापेक्षा गायीच्या इन्सुलिनला जवळचं आहे, दोन्हींत फक्त एका अमिनो आम्लाचा फरक. 1921 साली टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हे औषध शोधलं, आणि जानेवारी 1922 मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं ते बैलांच्या स्वादुपिंडातून काढलेलं. जनावरांचं माणसानं उसनं घेतलेलं औषध आहे हे. मांजराला दिलं तर त्यात "पैशाचा माज" काय? हे गावातल्या एका पाहुण्याला उत्तर होतं, असो.

आता मुद्द्याचं. डॉक्टरांनी ग्लार्जिन दिलं, माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतं तेच. सुरुवात 1 युनिट सकाळी, 1 युनिट संध्याकाळी, बारा तासांच्या अंतरानं. (हा डोस भुऱ्याच्या वजनावर आणि रिपोर्टवर ठरलेला आहे. कुणी उचलून आपल्या मांजराला देऊ नका.) फवारणीच्या पाण्याचा सामू बघणाऱ्यांना हे इन्सुलिन आवडेल. बाटलीत ते सामू 4 च्या आम्लात विरघळलेलं असतं. कातडीखाली गेलं की तिथला सामू सातच्या पुढं, म्हणून ते बारीक कणांत साकळतं आणि हळूहळू विरघळत राहतं. निमकोटेड युरियासारखं सावकाश लागू होणारं. म्हणूनच त्यात पाणी घालून पातळ करायचं नाही, दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळायचं नाही. सामू बदलला की औषधाचा स्वभावच बदलतो.

आणि इथंच आमच्या घरातली खरी भीती. फ्रीजमध्ये दोन इन्सुलिन. आईचं गढूळ, मिश्र, एका मिलीत 40 युनिटवालं. भुऱ्याचं पाण्यासारखं स्वच्छ, एका मिलीत 100 युनिटवालं. आपल्या देशात दोन्ही ताकदीची इन्सुलिन मिळतात आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. चाळीसच्या सिरिंजला लाल टोपण, शंभरच्या सिरिंजला केशरी. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. आता हिशोब करा. चाळीसच्या सिरिंजवर 1 ची रेघ म्हणजे 0.025 मिली. त्यात शंभरवालं ग्लार्जिन ओढलं तर 1 च्या रेघेवर अडीच युनिट भरतात. म्हणजे डोस अडीचपट. पाच किलोच्या जनावराला. तणनाशकाच्या पंपाला अडीचपट औषध पडलं तर आपण काय म्हणतो ते आठवा.

म्हणून पहिल्याच दिवशी नियम केला. आईची सिरिंज तिच्या स्टीलच्या डब्यात, देवघराच्या फळीवर. भुऱ्याच्या सिरिंज फ्रीजवरच्या प्लास्टिकच्या डब्यात, डब्यावर लाल ऑईलपेंटनं "मांजर". दोन्ही डबे एका वेळी उघडायचे नाहीत. अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली, 30 युनिटची बारीक सिरिंज तालुक्याला मिळाली नाही, नाशिकहून आणली. ती मात्र लागतेच, कारण मांजरात अर्ध्या युनिटनं फरक पडतो. इन्सुलिन फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलं की ते गेलं, वितळून दिसायला चांगलं दिसलं तरी. उन्हाळ्यात लाईट सहा-सहा तास गेली तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या छोट्या माठात, पिशवीत बांधून ठेवलं. काम भागलं. तीन मिलीच्या कार्ट्रिजवर उघडल्यावर 28 दिवसांची मुदत लिहिलेली असते, आणि तेवढ्यात भुऱ्याचे 300 पैकी 56 युनिटच संपतात. डॉक्टर म्हणाले, फ्रीजमध्ये राहिलं, स्वच्छ दिसतंय आणि आकडे बिघडले नाहीत तोवर मला विचारून वापरा. गढूळपणा किंवा कण दिसला की त्याच दिवशी फेका.

टोचायला आईच बसते. सात महिन्यांत तिचा हात माझ्यापेक्षा हलका पडलाय. भुऱ्या ताटलीत तोंड घालून खात असतो, ती बरगडीच्या बाजूची कातडी चिमटीत उचलून तंबू करते, बुडाशी सुई, झालं. त्याला कळतही नाही. रोज जागा बदलायची. नंतर केसांवरून बोट फिरवायचं, ओलं लागलं तर औषध बाहेर सांडलं. आणि सांडलं, किती आत गेलं कळत नाही, तरी दुसऱ्यांदा टोचायचं नाही. ही गोष्ट डॉक्टरांनी तीनदा सांगितली. एक डोस चुकला तर बारा तास साखर जास्त राहील, त्यानं काही होत नाही. एक डोस जास्त पडला तर रात्र निघणार नाही. तसंच त्यानं खाल्लं नाही, ओकला, सुस्त आहे, तर पूर्ण डोस द्यायचा नाही, आधी फोन.

रक्त घ्यायला कान. कानाच्या कडेनं बारीक शीर जाते. कान हातानं चोळून गरम करायचा, मागं कापूस धरायचा, कडेला लॅन्सेट टोचायची, मोहरीएवढा थेंब येतो, तेवढा स्ट्रिपला पुरतो. पहिले चार दिवस माझ्या हातावर ओरखडे होते, मग उकडलेल्या कोंबडीचा तुकडा कानाच्या कामानंतरच मिळतो हे त्याला समजलं, आणि आता ग्लुकोमीटरची चेन उघडल्याचा आवाज आला की तोच येऊन बसतो. माणसाचा ग्लुकोमीटर मांजराची साखर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतो, हे डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणून मीटर एकच ठेवायचा आणि त्याचा कल बघायचा. दोन रिफ्रॅक्टोमीटर घेऊन एकाच घडावर भांडणारे आपल्यात आहेतच की.

दहाव्या दिवशी घरीच आलेख काढला. दवाखान्यात काढला असता तर भीतीचेच आकडे आले असते. सकाळी सहाला डोसाआधी 318. मग दर दोन तासांनी 270, 196, 142, दुपारी दोनला 118, चारला 187, संध्याकाळी सहाला 289. मी 318 बघून म्हणलं, डोस वाढवायला पाहिजे. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "सगळ्यात खालचा आकडा किती?" 118. "मग डोस बरोबर आहे. त्याला हात लावू नका."

मंडळी, मला यातून जे कळलं ते एवढंच. डोस वरच्या आकड्यावर ठरत नाही, खालच्या आकड्यावर ठरतो. सकाळचे तीनशे बघून युनिट वाढवलं तर दुपारचे 118 कुठं जातील? साठ-सत्तरच्या खाली मांजर धोक्यात. त्यांना साधारण 80 ते 150 च्या दरम्यानचा तळ हवा होता, तो मिळाला होता. वाढवायचं झालं तरी आठवडाभर थांबून, आलेख काढून, अर्ध्या युनिटनं. आपल्याकडं भुरी दिसली की तिसऱ्या दिवशी दुसरं औषध मारायची घाई असते ना, इथं ती अजिबात चालत नाही.

खाण्याचं. मांजर मूळचं मांसावर जगणारं, पिष्ट पचवायला त्याची यंत्रणा तोकडी. आणि आपण गावाकडं काय घालतो? दूध-भाकरी, दूध-भात, आणि पैसे असले तर कोरडे दाणे, त्यातही पीठच बरंच. भाकरी बंद केली. उकडलेली कोंबडी, अंडं, कोंबडीचं काळीज आणि हृदय (नुसत्या मांसानं टॉरिन कमी पडतं, हृदयात ते भरपूर असतं, आणि उकडलेलं पाणीही फेकायचं नाही, टॉरिन त्यात उतरतं), सोबत डॉक्टरांनी सांगितलेलं संपूर्ण आहाराचं ओलं खाद्य. हे हळूहळू, दहा-बारा दिवसांत बदललं. आणि बदलताना मीटर जास्त वेळा लावायचा, कारण पिष्ट कमी झालं की इन्सुलिनची गरज अचानक खाली येते. डॉक्टरांनी बजावलं होतं की घसरण कधीही होईल, तयारी ठेवा.

ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली. निफाडकडची थंडी तुम्हाला माहीतच. थ्री फेज रात्री बाराला. मी दोनला वॉल बदलायला उठलो तर भुऱ्या पायात आला नाही. चुलीपाशी बसला होता, मान एका बाजूला, उठवलं तर दारू प्यायल्यासारखा झोकांडला, डोळे मोठे. मीटर लावला, 44. डबा तयारच होता. ग्लुकोज पावडर चार थेंब पाण्यात कालवून घट्ट लगदा, बोटानं हिरडीला आणि गालाच्या आत चोळला. गूळ किंवा साखर इथं लगेच कामाची नाही, ती आधी पोटात फुटावी लागते, ग्लुकोज फुटलेलंच असतं. मध चालतो. शुद्धीवर नसलेल्या मांजराच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. आई उठून आली, काही न बोलता त्याला मांडीवर घेतलं, तिची शाल त्याच्यावर. तिला स्वतःला असं दोनदा झालंय, एकदा शेतात एकटी असताना. म्हणाली, "आतून रिकामं होतं सगळं. याला सांगता पण येत नाही."

पंधरा मिनिटांनी 71. मग त्यानं कोंबडी खाल्ली. दर अर्ध्या तासाला कान. वॉल तसाच सोडला, खालच्या तुकड्यात पाणी साचलं, साचू दिलं. पहाटे पाचला 138. त्या रात्री त्याचा कान इतक्यांदा टोचला, पण तो एकदाही फिस्कारला नाही. साडेसहाला डॉक्टरांना फोन केला. सकाळचा डोस बंद, संध्याकाळपासून अर्धं युनिट. त्याचं शरीर स्वतःचं इन्सुलिन परत बनवायला लागलंय, ते म्हणाले. लवकर उपचार झाले, साखर नीट राहिली, खाणं बदललं, तर बऱ्याच मांजरांत असं होतं. कुत्र्यात सहसा नाही, मांजरात होतं.

आणि तसंच झालं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात इन्सुलिन पूर्ण बंद. मागचे पाय सरळ झाले, पत्र्यावर उडी मारायला लागला, वजन पाच किलो तीनशेवर थांबलं. आई तेव्हा त्याला म्हणायची, "तुझं सुटलं रे बाबा, माझं काही सुटत नाही." दर रविवारी एक रीडिंग आणि राखेऐवजी पसरट ट्रेमध्ये लघवीची पट्टी, एवढंच चालू ठेवलं.

तोडणी संपली, खरड छाटणीची माणसं आली, आणि एप्रिलमध्ये पट्टी परत रंग दाखवायला लागली. 290, 310. तोंड उघडून बघितलं तर दाढेच्या मुळाशी पू. शरीरात कुठंही संसर्ग असला की इन्सुलिन नीट लागू होत नाही. दात काढला, अँटिबायोटिक झालं, पण साखर पूर्ण खाली आली नाही. परत 1 युनिट, दोन वेळा.

या दरम्यान सल्ले खूप आले. कारल्याचा रस, कडुलिंब, जांभळाच्या बियांची पूड. मांजर कारल्याचा रस पिताना दाखवा, मी बक्षीस देतो. माणसाच्या साखरेच्या गोळ्या फोडून घाला असंही एकानं सुचवलं. ते करू नका. अमेरिकेत 2022 च्या डिसेंबरात मांजरासाठी एका गोळीला मंजुरी मिळाली, पुढच्या वर्षी तशाच एका पातळ औषधाला, पण तीही सरसकट नाहीत. आधी इन्सुलिन चालू असलेल्या मांजराला चालत नाहीत, आणि साखर खाली दिसत असतानाही आत किटोन वाढण्याचा धोका असतो. डॉक्टरांशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: स्ट्रिपाच जास्त खातात, इन्सुलिन नाही. महिन्याचा मिळून एका चांगल्या बुरशीनाशकाच्या फवारणीएवढा येतो. खरी अडचण वेळेची. सहा आणि सहा. लग्न, दहावा, बाजार समिती, काहीही असो, घरात एक माणूस हवाच. आम्ही दोघं एकदम मुक्कामी गेलो नाही या सात महिन्यांत. पुतण्याला शिकवलंय, तो बारावीत आहे, त्याचा हात चांगला आहे, पण डब्याचा रंग तो अजून दोनदा विचारतो. विचारू दे.

फवारणीच्या वहीच्या मागच्या पानांवर भुऱ्याचे आकडे आहेत. आज सकाळचा 214, खाल्लं पूर्ण, 1 युनिट, उजवी बाजू. उद्या लाईट पहाटे आहे, म्हणजे मी मोटरीवर, टोचणार आई. तिचं स्वतःचं आधी आणि मग त्याचं, असा तिचा क्रम आहे. मी तो उलटा करायला सांगितलाय, तिचं इंजेक्शन झाल्यावर तिला लगेच खायला लागतं आणि हा तिच्या ताटात तोंड घालतो.